ताशाची तर्री (सलग भरभर ठोके) पॅडवर येत नाहीये, नवीन कंट्रोलर घेऊ का? (नाशिक, बजेट ४० हजार)

तपोवन_ताल · मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथले धागे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सल्ला देणार.

मी मूळचा ऑक्टोपॅडवाला, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा आठ पॅडांचा इलेक्ट्रॉनिक ड्रम. बारा-तेरा वर्षं ऑर्केस्ट्रा, जागरण गोंधळ, नवरात्र, हळदी, जिथं बोलावतील तिथं वाजवलं. लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा एमपीके मिनी (बोटांनी वाजवायचे पॅड असलेला छोटा कीबोर्ड कंट्रोलर) घेतला, एफएल स्टुडिओ या गाणी बसवायच्या सॉफ्टवेअरची फ्रूटी एडिशन घेतली आणि घरीच गाणी बसवायला लागलो. आता देवीची गाणी, खंडोबाची गाणी, मधूनमधून अहिराणी अशी महिन्याला दोन-तीन कामं येतात. कामं बरी चाललीत देवाच्या दयेनं.

आता अडचण सांगतो. येणाऱ्या प्रत्येकाला आपला नाशिक ढोल आणि ताशा पाहिजे असतो. विकत मिळणारे लूप सगळेच वापरतात, चार गाणी ऐकली की तोच ढोल तीच तर्री. म्हणून मागच्या महिन्यात मखमलाबादला मित्राच्या मळ्यात, द्राक्षाच्या शेडमध्ये, रात्री एक वाजता रस्त्याचा आवाज कमी झाल्यावर, एका पथकातल्या पोरांना घेऊन ढोल आणि ताशा रेकॉर्ड केला. उसना हॅण्डी रेकॉर्डर होता. टिपरूची बाजू वेगळी, हाताची थाप वेगळी, ताशाचे सुटे ठोके वेगळे. ढोल एफएलमध्ये असा बसला की काय सांगू, पहिल्या थापेला घरातली भांडी वाजली.

पण ताशा बसत नाहीये. बोटांनी पॅडवर तर्री घ्यायला गेलो की मागं राहते, आणि नोट रिपीट (पॅड दाबून धरला की ठोका आपोआप परत परत) लावलं की शिलाई मशीन चालल्यासारखी एकसारखी टकटक येते. ताशाचा जीव तर्रीतच असतो हे वेगळं सांगायला नको.

तर आता समोर तीन पर्याय आहेत, तिन्ही बोटांनी वाजवायच्या पॅडांचे. गंगापूर रोडला एक जण मशीन एमके३ तीस हजारात विकतोय. दुसरा नवीन एमपीसी वन प्लस, पण बजेटच्या वर जातोय. तिसरा सेकंड हॅण्ड पुश २, मुंबईला आहे. लॅपटॉप सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. मशीनवाल्याला रविवारपर्यंत सांगायचंय. नवरात्रात एका मंडळात लाइव्ह पण करायचंय. कृपया मनापासून सांगा.

देवळाली_बीट्स · मंगळवार, रात्री ११:५८

भाऊ डोळे झाकून मशीन एमके३ घे. मी २०१९ पासून वापरतोय. एमपीके मिनीचे पॅड आणि हे पॅड यात जमीन अस्मानाचा फरक आहे, पॅड मोठे आहेत, हलका हात पण ओळखतात, दोन स्क्रीन आहेत त्यामुळे सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) कापताना लॅपटॉपकडे बघावं लागत नाही, आणि ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज आत-बाहेर नेणारा डबा) आतच आहे, वेगळा घ्यायची गरज नाही. नोट रिपीट दाबून ठेवून पॅडवर दाब कमी जास्त केला की ठोका पण लहान मोठा होतो, मी हाय हॅटचे रोल तसेच घेतो. २०२४ ला मशीन ३ सॉफ्टवेअर आलं त्यात तर तयार गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळा काढता येतो. एफएलमध्ये ते प्लगिन म्हणून, म्हणजे एफएलच्या आतच, पण उघडतं.

फक्त एक बघ, मशीन २ वरून ३ ला जायला पैसे पडतात, आणि हार्डवेअर घेतलं म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप तुझं होत नाही.

कीबोर्डवाला_सिडको · बुधवार, सकाळी ८:१५

वरच्या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारा. मी तीन वर्षांपूर्वी एका माणसाकडून पॅड कंट्रोलर घेतला, डबा, केबल सगळं व्यवस्थित, घरी आणून लावला तर लायसन्स त्याच्याच खात्यावर आणि त्यानं खात्याचा ईमेल कधीचा बंद केलेला. फोन उचलायचा बंद झाला नंतर. सॉफ्टवेअर मला वेगळं विकत घ्यावं लागलं, म्हणजे स्वस्तात घेतलेली वस्तू नव्याच्या भावात पडली. त्यामुळे समोरच्याच्या घरी जाऊन, त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्या खात्यातून ट्रान्सफर सुरू करायला लाव, तुझ्या खात्यावर दिसलं की मगच पैसे. आणि सोळाच्या सोळा पॅड हलक्या हातानं वाजवून बघ, नुसते जोरात नको, झिजलेला पॅड जोरात मारला की वाजतो आणि हळू मारला की गप्प बसतो.

मृदुला_इंदिरानगर · बुधवार, दुपारी १:०५

दादा, विकत काय घ्यायचं ते नंतर बघू, आधी दोन-तीन गोष्टी विचारते. आवाज लॅपटॉपमधून बाहेर कसा काढता? इंटरफेस आहे का? एफएलच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर (आवाज हाताळणारं सॉफ्टवेअर) कोणता निवडलाय आणि बफर (वाजवण्याआधी साठवलेला आवाज) किती आहे? एमपीकेवर फुल लेव्हलचं बटण चुकून चालू नाही ना राहिलेलं, ते चालू असलं की हळू मारा नाहीतर जोरात, प्रत्येक ठोका १२७ च, म्हणजे सगळ्यात जोराचाच, जातो. आणि ताशाचे एकूण ठोके किती रेकॉर्ड केलेत?

तपोवन_ताल · बुधवार, रात्री १०:२०

ताई, इंटरफेस नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातूनच स्पीकरला जातो. ड्रायव्हर जो आपोआप आलेला तोच आहे, बफर १०२४ दिसतोय, कमी केला की आवाज फाटतो म्हणून वाढवलेला. फुल लेव्हल बंदच आहे, तुम्ही म्हटल्यावर परत तपासलं. ताशाचे ठोके चार आहेत, हळू, मध्यम, जोरात आणि कडेचा एक.

मृदुला_इंदिरानगर · बुधवार, रात्री ११:००

मग निम्मा आजार इथंच आहे. हिशोब करून बघा. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांना, १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सव्वातेवीस मिलिसेकंद, आणि हा फक्त बफरचा उशीर झाला, साध्या विंडोज ड्रायव्हरचा वरून आणखी लागतो. १२० च्या लयीत बत्तिसाव्या नोटांची तर्री घेतली तर दोन ठोक्यांत अंतर असतं साडेबासष्ट मिलिसेकंदांचं. म्हणजे तुम्ही पहिला ठोका मारता आणि तो कानावर येईपर्यंत हात दुसऱ्या ठोक्याच्या जवळपास अर्ध्या वाटेवर पोचलेला असतो. तुम्ही इतकी वर्षं वाजवणारे, तुमचा हात कानावर चालतो, कानाला उशिरा ऐकू आलं की हात आपोआप थांबून वाट बघतो. म्हणून तर्री मागं राहते. नवशिक्याला हे जाणवतही नाही, तुम्हाला जाणवणारच.

एसिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) असलेला साधा दोन इनपुटचा इंटरफेस लावला आणि बफर १२८ वर आणला की तोच उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. तुमचा लॅपटॉप सॅम्पलर (सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर) चालवायला पुरेसा आहे, मिक्सिंगच्या वेळी जड प्लगिन टाकले की बफर परत वाढवायचा, तेव्हा हात वाजवत नसतात.

आता दुसरा निम्मा. चार सॅम्पलवर तर्री उभी राहत नाही. सेकंदाला सोळा ठोके पडतात आणि तोच तो सॅम्पल परत परत येतो, कान लगेच ओळखतो, तुमची शिलाई मशीन तीच. एकाच जोराचे पाच-सहा वेगवेगळे ठोके पाहिजेत, सॅम्पलर ते आळीपाळीनं वाजवतो, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. डीसेंट सॅम्पलर फुकट आहे, त्यात होतं. कितीही महागाचा पॅड आणलात तरी चार सॅम्पलची तर्री चारच सॅम्पलची राहणार.

साउंड_सातपूर · गुरुवार, सकाळी ७:३०

लाइव्हचं मी सांगतो, मंडपातच आयुष्य चाललंय. नवरात्रात लाईट जातेच, जनरेटर लागेपर्यंत पाच-दहा सेकंद जातात. एमपीसी वन आणि वन प्लस दोन्हीत बॅटरी नाही, पॉवर गेली की बंद, परत चालू होऊन प्रोजेक्ट लोड होईपर्यंत समोर पब्लिक उभं. बॅटरी एमपीसी लाइव्हमध्ये असते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे आणि यूएसबीवरून वीज घेणारा इंटरफेस पण लॅपटॉपवरच जगतो, त्या हिशोबानं लॅपटॉप बरा, फक्त त्याची बॅटरी अजून तासभर टिकते का ते बघून ठेव. मिक्सरला मात्र साधा का होईना यूपीएस लावायला सांग.

दुसरं, मंडपात चार्जर लावला की घूं असा आवाज येतो, अर्थिंग धड नसतं. चार्जर काढून बघायचं, आवाज गेला तर कारण तेच. इंटरफेसपासून मिक्सरपर्यंत असला आवाज अडवणारी बॅलन्स्ड केबल वापर नाहीतर त्याच कामाचा डीआय बॉक्स लाव. हेडफोनच्या भोकातून स्टेजवर जाऊ नको, पाया पडतो.

पंचवटीकर · गुरुवार, दुपारी ४:४५

बाळा, मी सगळं वाचलं. हे तरुण लोक सांगतात ते बरोबर आहे, मला त्यातलं सगळं कळत नाही. पण मी १९९९ पासून ऑक्टोपॅड वाजवतोय त्यामुळे एक विचारतो.

तुझा ऑक्टोपॅड कुठं आहे?

तुझ्या हातात काठ्यांचं बारा वर्षांचं वळण आहे. तू बोटांनी तर्री काढायला बसलास. अरे ताशाची तर्री ही मनगटाची असतेच कुठे नुसती, काठी कातड्यावर पडते आणि आपली आपण उसळते, त्या उसळीवर दुसरा ठोका तिसरा ठोका येतो, वाजवणारा फक्त तिला धरून ठेवतो. बोटाला उसळी नाही. आणि त्या छोट्या पॅडवर काठी मारायला जाऊ नको, ते बोटांसाठी केलेत, आठवड्यात फुटतील.

ऑक्टोपॅडचा रबर काठीसाठीच केलेला आहे. त्याच्या मागं मिडी आऊट लिहिलेलं पाच छिद्रांचं गोल भोक असतं, आमच्या ऑर्केस्ट्रात एक जण त्यातून दुसरं साउंड मॉड्यूल वाजवायचा.

तपोवन_ताल · गुरुवार, रात्री ९:१०

काका, नमस्कार करतो. एसपीडी-२० आहे, माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेला. दोन वर्षं काढला नाही कारण त्यातले आवाज आता कोणाला चालत नाहीत, सगळे म्हणतात जुनं वाटतं. विकायचा विचार होता पण भाव कोणी देईना. मागचं भोक माहीत आहे, त्यात आजवर केबल कधी घातली नाही. आत्ता काढून पुसून ठेवलाय, आठही पॅड वाजतायत. ह्याच्यावरून एफएलमधला माझा ताशा वाजेल का?

देवळाली_बीट्स · गुरुवार, रात्री ९:२५

वाजेल ना भाऊ! मला हे सुचायला पाहिजे होतं, माझं काठीचं काहीच नसल्यामुळे डोक्यातच आलं नाही. ऑक्टोपॅडचे आवाज जुने झाले पण तुला त्याचे आवाज नकोच आहेत, फक्त कुठला पॅड आणि किती जोरात एवढंच पाहिजे, ते मिडीत जातं. मिडी १९८३ चं आहे आणि अजून तेच चालतं.

कीबोर्डवाला_सिडको · गुरुवार, रात्री ९:५०

आता इंटरफेस घेताना चूक करू नकोस. सगळ्यांवर पाच पिनचं मिडी नसतं. स्कार्लेट सोलो आणि २आय२ वर नाहीये, लोक घेऊन येतात आणि मग भोक शोधत बसतात, २आय२ च्या वरच्या ४आय४ वर आहे. बेहरिंगर २०२ वर नाही, २०४ वर आहे. प्रीसोनसच्या ऑडिओबॉक्स ९६ वर आहे, मोटू एम२ वर पण आहे. खोक्याच्या पुढच्या फोटोवर जाऊ नको, मागच्या बाजूचा फोटो उघडून मिडी इन लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

केबल ऑक्टोपॅडच्या आऊटमधून इंटरफेसच्या इनमध्ये. एकाच केबलनं होतं. आऊटला आऊट लावलं तर काही बिघडत नाही, फक्त वाजत नाही. जुन्या मिडीच्या तारेतून एक ठोका जायला एक मिलिसेकंद लागतो, त्याची काळजी नको.

आणि फ्रूटी एडिशनमध्ये माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही. गायक घरी यायला लागले की फरकाचे पैसे भरून प्रोड्यूसर एडिशनला जा, एकदा घेतलं की पुढचे अपडेट फुकट मिळत राहतात. आधी फुकट चालवून दुसरं काही बघायचं असेल तर रीपर बघ, ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं आहे. पण तुझा हात एफएलवर बसलाय, उगाच बदलू नको असं मला वाटतं.

तपोवन_ताल · शनिवार, रात्री ११:१५

मशीनवाल्याला नको म्हणून कळवलं. चांगला माणूस होता, समजून घेतलं. इंटरफेस मिडीवाला मागवलाय. एमजी रोडला मिडी केबलसाठी तीन दुकानं फिरलो, शेवटी एका जुन्या वाद्यांच्या दुकानात मिळाली, त्यानं मागच्या खोलीतून काढून दिली.

आणि मळ्यात परत जाऊन ताशा नव्यानं रेकॉर्ड केला. मृदुलाताई, तुम्ही म्हणालात तसे एका जोराचे सहा ठोके घेतले. वाजवणारा पोरगा म्हणाला, दादा, उजवी काठी आणि डावी काठी वेगवेगळी घ्या, डावीचा आवाज वेगळा असतो. खरंच वेगळा आहे हो! डावी जरा कडेला पडते, पातळ वाजते, उजवी मध्याकडं. इतकी वर्षं ताशाच्या शेजारी उभं राहून वाजवलं पण एवढं कधी ऐकलं नव्हतं. म्हणून पाच जोर, प्रत्येकाचे सहा, आणि दोन हात, असे साठ ठोके झाले. ताशा थंडाव्यानं उतरत होता म्हणून दर दहा ठोक्यांनी शेकोटीजवळ धरून तापवला, नाहीतर पहिला आणि शेवटचा एका सुराचे राहिले नसते.

मृदुला_इंदिरानगर · रविवार, सकाळी ९:४०

किती छान! आता डावी एका पॅडवर आणि उजवी शेजारच्या पॅडवर ठेवा, एकाच पॅडवर दोन्ही नको. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची शांतता अगदी ठोक्याला टेकून कापा, पाच मिलिसेकंद जरी मोकळे राहिले तरी इंटरफेसवर कमावलेलं तिथं जाईल. सगळे ठोके एकाच जोराला आणायचा मोह टाळा, हळूचा हळूच राहू द्या.

तपोवन_ताल · पुढचा शुक्रवार, रात्री १२:३०

इंटरफेस आला, लावला, बफर १२८. एक अडलंय. काठी मारली की आवाज येतो पण मधेच तुटतो. ताशाचा जेमतेम येतो, ढोलाची तर शेपूटच जाते, ठप्प. एमपीकेवर पॅड दाबून ठेवला की पूर्ण वाजत होतं. ऑक्टोपॅड खराब झाला का?

कीबोर्डवाला_सिडको · शनिवार, सकाळी ६:५०

खराब नाही. काठी काही पॅडवर दाबून राहत नाही, त्यामुळे ऑक्टोपॅड ठोका पडला की नोट ऑन पाठवतो आणि थोड्या वेळानं स्वतःच नोट ऑफ पाठवतो. सॅम्पलरला वाटतं बोट उचललं, तो आवाज बंद करतो. सॅम्पलरमध्ये रिलीज (नोट ऑफनंतर आवाज विरायला लागणारा वेळ) वाढव, ताशाला एक सेकंद, ढोलाला तीन. ऑक्टोपॅडमध्ये गेट टाइम (नोट ऑफ पाठवेपर्यंतचा वेळ) पण असतो, तो वाढवला तरी चालतं, पण सॅम्पलरमध्येच केलेलं बरं, दुसरा ऑक्टोपॅड आणला तरी बिघडत नाही.

तपोवन_ताल · शनिवार, रात्री १०:०५

झालं. सगळं झालं.

काका, तर्री आली. काठी उसळली आणि आली. पहिल्यांदा आली तेव्हा मी थांबलोच नाही, वीस मिनिटं नुसती तर्रीच वाजवत बसलो, आई आतून बाहेर येऊन बघून गेली की पथक कुठं आलंय. हळू सुरू करून चढवत नेली तर चढते, मधेच एक ठोका सोडला तर तो सुटलेला ऐकू येतो. नोट रिपीटमध्ये हे कधीच नव्हतं. काल दिलेल्या देवीच्या गाण्यात जुनी तर्री काढून ही टाकली, गायकाला न सांगता पाठवलं, त्याचा फोन आला, म्हणे ताशावाला कोण आणलास.

इंटरफेस, केबल मिळून बजेटच्या निम्मे पण लागले नाहीत. उरलेल्यातून प्रोड्यूसर एडिशन घेतोय. लॅपटॉपचं सांगा, विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच बंद झालेत, सातव्या पिढीला ११ अधिकृतपणे मिळत नाही. आत्ता बदलू का?

साउंड_सातपूर · रविवार, सकाळी ७:१०

नवरात्र झाल्याशिवाय काहीही बदलू नको. कार्यक्रमाच्या तोंडावर नवीन लॅपटॉप, नवीन ड्रायव्हर असलं काही करायचं नाही. स्टेजवर इंटरनेट बंद ठेव, बँकेचं वगैरे मोबाईलवरून कर, सगळ्या सॅम्पलची एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि एक घरी. आणि ऑक्टोपॅडचा अडॅप्टर जुना असेल तर एक जादाचा घेऊन ठेव, मंडपात तोच सगळ्यात आधी जातो.

देवळाली_बीट्स · रविवार, सकाळी ११:३०

भाऊ मनापासून आनंद झाला. तरी माझं मत तेवढं सोडत नाही हं, ताशाला ऑक्टोपॅडच बरोबर, पण सॅम्पल कापायला, गाणं मांडायला, कोरसचा तुकडा उलटा सुलटा करून बघायला सोळा पॅड आणि स्क्रीनची गंमत वेगळी आहे. १९८८ ला एमपीसी ६० आला तेव्हापासून चार बाय चारची ती मांडणी टिकली ती उगाच नाही. दिवाळीनंतर देवळालीला ये, माझ्याकडे दोन दिवस मशीन वापर, मग ठरव घ्यायचं का.

तपोवन_ताल · रविवार, दुपारी २:००

नक्की येणार. येताना साठ ठोके पेनड्राइव्हवर आणतो, तुझ्या मशीनवर चढवून बघू.

पंचवटीकर · रविवार, सायंकाळी ६:२०

मला पण ऐकायचंय. बुधवारी संध्याकाळी घरी ये, ऑक्टोपॅड घेऊन. स्टॅण्ड आणू नको, माझा आहे. आणि डाव्या पॅडची सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवून ये, तुझी डावी आधीपासून हलकी आहे.